सोजरबाईचं पार्सल

"हे पार्सल तरी हटव, नाई तं आमी भजन बंद करतो," रामरावनं टाळ खाली ठेवत जगदेवला बजावलं. "मृदंगवाल्याले मांडी घालाले जागा नाई."

"मंग मी काय उशाले घेऊन निजू त्याले?" जगदेव करवादला.

मारुतीच्या देवळाचा सभामंडप आता सभामंडप राहिलाच नव्हता. जऊळका स्टेशनावरून दर मंगळवारी टपाल घेऊन येणारा बबनराव शेतोशेत हिंडून कंटाळला, तेव्हा नव्या पंचायतीनं ठरवून टाकलं, की गावाची सगळी पार्सलं देवळात उतरवायची. मारुतीच्या समोरून कोण चोरणार? आणि देवळाची देखरेख करणारा जगदेव चौथी पास, तो नाव वाचून ज्याचं त्याला देईल. जगदेवला कुणी विचारलंच नाही. तेव्हापासून त्याच्या डोक्याला ताप सुरू झाला. भिंतीवरची निवडणुकीची बैलजोडी अजून पुसली नव्हती, आणि तिच्याखाली नांगराचे फाळ, औषधाच्या बाटल्या, कुणाच्या तरी सायकलची चाकं, असा सगळा पसारा. लोक पार्सल न्यायला म्हणून येत, तासभर गप्पा छाटत, खांबाआड पिचकाऱ्या मारत, आणि जाताना नेमकं पार्सलच विसरून जात.

त्या सगळ्यात हे पार्सल म्हणजे कहर होता. पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं, उशीएवढं, लाखेच्या मोहरा लावलेलं. वर जांभळ्या शाईत लिहिलेलं, 'सोजरबाई, मारुतीचे देऊळ', आणि खाली गावाचं नाव. बस्स. ना नवऱ्याचं नाव, ना आडनाव. पाठवणारा बऱ्हाणपूरचा कुणी ठेकेदार. दीड महिना झाला, ते पडून होतं.

जगदेवनं चौकशीत कसूर केली नव्हती. बाईचं पार्सल आलं की घरच्या पुरुषाला सांगायचं, ही गावाची रीत. त्यानं गावातल्या एकूणएक पुरुषाला विचारलं. जो तो मान हलवी.

"माह्या म्हशीचं नाव सोजर हाय," रामराव म्हणाला होता. "तिले देतं काय?"

सगळे खो-खो हसले. जगदेवला मात्र हसू आलं नाही.

पार्सल मात्र सगळ्यांच्या कामी येई. भजनवाले त्याला टेकत. म्हातारे त्याच्यावर डोकं ठेवून दुपारी झोप काढत. कमलीबाईच्या पोराचं लग्न देवळात लागलं, तेव्हा नवरीचं नवं नाव तांदळात लिहायला जगदेवला बोलावलं. अक्षर बरं म्हणून गावात आलेल्या सगळ्या नव्या सुनांची नावं वर्षानुवर्षं तोच लिही. त्या गर्दीत पाट सापडेना. कुणीतरी तांदळाचं ताट त्याच पार्सलावर ठेवलं. ते डुगडुगलं, अक्षर बिघडलं, आणि कमलीबाई चारचौघांत जगदेववरच खेकसली.

घरी वेगळाच ताप. त्याची बायको मनकर्णाबाई रोज सकाळी देऊळ झाडायची. तिचा भाऊ दिवाळीनंतर आईला घेऊन परमुलखात कामाला गेला होता, ठेकेदार नेईल तिकडे. आई खोकल्यानं खंगलेली. गेल्यापासून कागद नाही, निरोप नाही. मनकर्णाबाईला घास गोड लागत नव्हता. मंगळवार उजाडला, की तिचं एकच विचारणं.

"माह्या मायचा काई निरोप?"

"असता तं मी दडवून ठेवला असता काय?" जगदेव म्हणे. "तुह्या भावाले तुही याद असती तं धाडला असता त्यानं."

ती चुलीकडे वळे. त्यालाही मग आपल्या बोलण्याचं वाईट वाटे, पण तेवढ्यात कुणीतरी पार्सल मागायला दारात उभं असे.

एकदा झाडता झाडता तिनं ते पांढरं पार्सल उचललं. वाचता येत नव्हतं, ती नुसती शिवणीवरून बोट फिरवत उभी राहिली.

"कोनाचं हाय हो हे? टाके पाह्यले काय, किती बारीक..."

"तुह्यं नाई, एवढं मले समजते," जगदेव भडकला. "ठेव खाली. झाडू मार."

तिनं पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि ते खाली ठेवलं.

भजन बंद पडायची वेळ आली, तेव्हा जगदेवनं मनाशी ठरवलं. मंगळवारी त्यानं पार्सल उचललं आणि बबनरावच्या बैलबंडीत नेऊन आपटलं.

"लिहा याच्यावर. सोजरबाई नावाची कोनी बाई या गावात नाई."

"तपास केला न बराबर? मंग माह्यावर येईन."

"गाव पालथं घातलं, बाप्पा!"

बबनरावनं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि तसं लिहिलं. बंडी गेली. त्या दिवशी जगदेव एक भाकर जास्तच जेवला. सभामंडपात मृदंगवाला ऐसपैस मांडी घालून बसला आणि रामरावनं जगदेवला आपल्या चंचीतलं पान दिलं.

महिना उलटला. एका सकाळी जगदेव देवळाच्या पायरीवर दातण करत बसला होता. जऊळक्याच्या वाटेनं एक माणूस आला. डोक्याला दुपट्टा घट्ट गुंडाळलेला, पाय धुळीनं भरलेले, काखेत पांढरं पार्सल. लाखेच्या मोहरा जशाच्या तशा, आणि वर बबनरावची पेन्सिल.

जगदेव ताडकन उठला.

"आनलं काय पुन्हा? या बाईचा इथं पत्ता नाई, कितीदा सांगू?"

माणसानं डोक्याचा दुपट्टा सोडला. तो मनकर्णाबाईचा भाऊ इंद्रभान होता. त्याचं डोकं आणि मिशा भादरलेल्या होत्या. तो जगदेवला ओलांडून पुढे झाला. पायऱ्या चढून गेला, पार्सल खाली ठेवलं आणि सभामंडपात हाक मारली.

"सोजर! अवं सोजर!"

"आली, दादा," म्हणत मनकर्णाबाई हातातला झाडू टाकून धावत बाहेर आली.