कपात नाही करायची

"कपात नाही करायची, आई. तू रागावशील," सुकलेल्या ओठांनी मुक्ता म्हणाली.

नर्सनं दिलेला प्लास्टिकचा कप धरून मी तिच्यापुढे उकिडवी बसले होते. शू बाथरूममध्येच करायची, हे या तीन वर्षांच्या पोरीला शिकवायला मीच जंग जंग पछाडलं होतं. गादी ओली झाली की माझा आवाज चढायचा. आता तिच्याच विनवण्या करत होते.

तापाला आठवडा होत आला होता. मलेरिया नाही, डेंगी नाही, टायफॉइड नाही. फोनवर सगळे म्हणायचे, "निगेटिव्ह ना, मग चांगलंच आहे की." इकडे तिला श्वास घेताना धाप लागत होती.

"डॉक्टरकाकांना तुझी शू तपासायचीय. आज कपातच करायची. मी नाही रागावणार."

"शप्पथ?"

"गळ्याशप्पथ."

थोड्या वेळानं डॉक्टर शूच्या तपासणीची पट्टी घेऊन आले. पट्टीवर दोन रेघा उमटल्या होत्या, म्हणजे पॉझिटिव्ह. मी मुक्ताला जवळ ओढलं. ते मात्र हसले.

"सापडला. एक्स-रेत छातीत जो डाग दिसला, तो न्यूमोनियाचा; त्याच्या जंतूचे अंश शूत उतरलेत. यावर नेमकं औषध आहे आपल्याकडे."

आजाराचं नाव ऐकून इतकं हायसं वाटेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

दोन दिवसांनी सकाळी मुक्तानं मला हलवून उठवलं. "आई, गादी ओली झाली. तू शप्पथ घेतलीयस हं."

मी गादी चाचपलीच नाही. आधी तिच्या कपाळाला हात लावला. तेही ओलं होतं, घामानं. आणि गार होतं.