बाकाच्या टोकावरची मुलगी

“अगं, आता तरी ऐसपैस बस!” लेखकसाहेब हसून म्हणाले. शाळेच्या रिकाम्या भोजनगृहात, लांबलचक बाकाच्या टोकाला ती अंग चोरून बसली होती.

मागच्या खेपेला इथंच तिला पाहून त्यांनी कादंबरी लिहिली होती. त्या उपाशी, मार खाणाऱ्या पोरीसाठी अख्खं इंग्लंड रडलं. बाकीच्या मुलींचे आईबाप बग्ग्या घेऊन धावले आणि शाळा ओस पडली.

“तुला न्यायला कोण येणार?”

“कुणी नाही. बाईसुद्धा गेल्या.” तिनं सरकून त्यांना जागा करून दिली. “छडी मारायला का होईना, त्या मला नावानं हाक मारायच्या.”

धीर द्यायला त्यांनी तोंड उघडलं, पण हाक कशी मारणार? नाव त्यांनी मागच्या खेपेलाही विचारलं नव्हतं.