सहा फटके

“ते कधीतरी तुझ्याकडे येतील. गुडघा, पाठ, खांदा, या वयात काहीतरी कुरकुरतंच. तेव्हा त्यांना माझ्याइतकंच द्यायचं. कमी नाही, जास्त नाही. कबूल?”

“कबूल,” असं ती म्हणाली होती. नवऱ्याचा आवाज तोवर खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते.

आणि आज क्लबचे कॅप्टन खरोखरच तिच्यासमोर पलंगावर पाय लांब करून बसले होते. गुडघ्यावरचा ऑपरेशनचा व्रण अजून गुलाबी होता.

गोल्फ क्लबच्या मागच्या अंगाला तिची खोली होती. खेळाडूंच्या दुखण्यांवर व्यायाम देणं हे तिचं काम. ऑपरेशननंतर कुणाला हँडिकॅप वाढवून हवा असला, की समिती तिचंच मत विचारायची. हँडिकॅप वाढला की खेळाडूच्या एकूण फटक्यांतून तेवढे फटके वजा होत आणि दुखरा माणूस धडधाकट माणसाच्या बरोबरीला येई.

“चार फटके वाढवून मिळाले तरी पुष्कळ झाले, वहिनी,” कॅप्टन खिडकीकडे बघत म्हणाले.

ती त्यांचा गुडघा सावकाश वाकवत होती. “सहा सुचवते, भाऊजी. यांच्या पाठीच्या ऑपरेशननंतर यांनाही सहाच मिळाले होते.”

कॅप्टननी घसा खाकरला. आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं.

त्या वर्षी तिचा नवरा ते सहा फटके घेऊन खेळला आणि कप जिंकला. क्लबच्या दालनातल्या लाकडी फळ्यावर त्याचं नाव सोनेरी अक्षरांत चढलं. रंग वाळला आणि कॅप्टननी हरकत घेतली. पाठ दुखणारा माणूस असा खेळत नाही, हे सगळं सोंग आहे, म्हणाले. जिंकून घरी आल्यावर नवरा फरशीवर उताणा पडून राहिला होता आणि त्याचे बूटही तिलाच काढावे लागले होते, हे समितीने कुठे पाहिलं होतं? समितीने हरकत मानली आणि रंगाऱ्याने सगळ्यांदेखत पात्याने नाव खरवडलं. नवरा त्यानंतर क्लबची पायरी चढला नाही. पुढे अंथरुणाला खिळला, आणि गेला. फळ्यावर त्या जागी अजूनही एक फिकट पट्टा होता.

“त्याचा गुडघा चोळतेस तू?” संध्याकाळी नणंदेने विचारलं. हातातली सुरी थांबली. “माझ्या भावाचं नाव पुसलं त्याने. आणि तू मागितल्यापेक्षा दोन जास्तच देऊन आलीस.”

“यांनी सांगून ठेवलं होतं, वन्सं.”

“तो जाता जाताही भोळाच. आणि तू त्याच्यावर कडी. जोडा बाकी छान जमला होता.”

“कांदा चिरा, वन्सं. म्हणजे डोळ्यांतलं पाणी त्याच्या नावावर खपेल.”

नणंद हसली नाही. पण कांदा चिरला.

समितीने सहा फटके मंजूर केले. तिने कॅप्टनवर मेहनत घेतली ती मात्र अगदी नेमाने. ते कंटाळले की ती गोड बोलून पुन्हा पाय उचलायला लावायची. घाईत येत, त्या दिवशीही एकही व्यायाम तिने गाळू दिला नाही. हळूहळू काठी सुटली. मग लंगडणं गेलं. एकदा तर तिच्या खोलीच्या दोन पायऱ्या कॅप्टन उडी मारून उतरले आणि मागे वळून लहान मुलासारखं हसले.

“गुडघा आता ठणठणीत आहे, भाऊजी,” ती म्हणाली. “बरं वाटलं की आपण होऊन समितीला सांगायचं आणि वाढीव फटके परत करायचे, असा नियम आहे.”

“सांगू की. एवढा कप होऊन जाऊ दे.” त्यांनी आवाज खाली आणला. “तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?”

“कुणालाच नाही,” ती म्हणाली आणि टॉवेलची घडी घालू लागली.

कॅप्टननी कप जिंकला. दुसरा आलेला बिचारा इतका मागे होता की त्याने हात मिळवतानाच मान हलवली. भाषणात कॅप्टननी तिला उभं केलं. “या वहिनींचे हात! आणि मन किती मोठं आहे, ते मला आणि देवालाच माहीत.” टाळ्या पडल्या. नणंद मधूनच उठून गेली. तिने मात्र हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी देवापुढे बसली, मग क्लबवर आली. रंगारी स्टुलावर उभा राहून कॅप्टनच्या नावाचं शेवटचं अक्षर पुरं करत होता. तोच रंगारी, आता केस पिकलेला.

“वाळायला वेळ लागेल?”

“दुपार होईल, बाई.”

“होऊ दे.”

ती समोरच्या बाकावर बसून राहिली. बाहेर व्हरांड्यात कॅप्टन मित्रांना चहा पाजत होते. त्यांचं हसू आतपर्यंत येत होतं. आतल्या खोलीत समितीची बैठक भरली.

दुपारी ती उठली. चष्मा पुसून तिने नावावरून बोट फिरवलं. बोटाला काही लागलं नाही. रंगारी डबे पिशवीत भरू लागला.

“आवरू नका एवढ्यात,” ती त्याला हळूच म्हणाली. “पातं तेवढं हाताशी ठेवा.”

आणि ती समितीच्या खोलीकडे चालू लागली.