योसेफची हाडं

“युया म्हणजेच योसेफ!” नथानियल भरलेल्या बॅगेवरच बसले. “कैरोच्या म्युझियममध्ये ममी हाय त्याची. तोंडावळा बघ, आपल्यातलाच वाटतो.”

“अवो, उठा आधी! चेन लावायचीय मला,” एस्थर खेकसली.

दुपारी विमानतळाची गाडी यायची होती. वरसे गावातलं घर रिकामं झालं होतं. त्यांचा एकुलता मुलगा जोशुआ दोघांना कायमचं इस्रायलला न्यायला आला होता, आणि आल्यापासून त्याने या युयाशिवाय दुसरं काही ऐकलं नव्हतं. इजिप्तच्या राजाचा हा मंत्री म्हणजेच बायबलातला योसेफ, असं कोणीतरी मांडलं होतं. नथानियलना ते यूट्यूबवर सापडलं. मग ते दूधवाल्याला सांगून झालं, कंपनीतल्या शिफ्टच्या जुन्या सोबत्यांना सांगून झालं. पेणला एस्थरच्या बहिणीचा, रूथचा निरोप घ्यायला गेले, तिथेही हेच. बिचारी रूथ रडायचंच विसरली.

आता मात्र जोशुआचं डोकं फिरलं.

“पप्पा, आपल्या धर्मग्रंथात, तोरामध्ये स्पष्ट लिहिलंय. आपल्या लोकांना घेऊन इजिप्त सोडताना मोशेने योसेफची हाडं बरोबर नेली. मग ती ममी योसेफची कशी?”

“दुसऱ्याच कोणाची तरी नेली असतील.”

“काहीही काय! योसेफने मरताना शपथ घातली होती, मला इथे ठेवू नका म्हणून.”

“ते मागाहून लिहिलं. पोरांनी!” नथानियलचा आवाज चढला. “सगळा जन्म तिथे गेला त्याचा. बायको तिथली, शेजारी तिथले. जायचंय का, असं त्याला कोणी विचारलं होतं काय?”

जोशुआने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तो थांबला. वडिलांनी बॅगेच्या दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या.

“पप्पा,” तो हळूच म्हणाला, “तुम्हाला यायचं नाय?”

नथानियलनी बॅगेच्या कडा सोडल्या नाहीत.

जोशुआने कपाळाला हात लावला. तिकिटं काढून झाली होती. तिकडे खोली रंगवून तयार होती. तो आईकडे वळला.

“आई, तू तरी समजाव ना यांना. आता काय करायचं?”

एस्थर भिंतीला टेकून खाली फरशीवर बसली. तिने मोकळ्या घरावर नजर फिरवली.

“मला तरी कुठं विचारलंस रे?”