कायमचा पत्ता

मेलबर्नपासून हजारो मैल दूर, देशाच्या उत्तरेत वस्ती आणि धंदा वाढावा म्हणून सरकार तिथे स्थायिक होणाऱ्या परदेशी लोकांना पीआर, म्हणजे देशात कायम राहायचा परवाना, देत होतं. यतिनने कॅथरीन गावातल्या अंगणात आंब्याचं कलम लावलं आणि इथेच राहणार, याचा पुरावा म्हणून त्याचा फोटो अर्जाला जोडला. फोटो काढला शेजारच्या म्हाताऱ्या केनने.

पीआर मिळताच यतिनने मेलबर्न गाठलं. केनला खरं सांगायला जीभ रेटेना. "आई आजारी आहे, इंडियाला जाऊन येतो," म्हणाला.

दोन वर्षांनी मेलबर्नच्या वेरिबी उपनगरातल्या घरी केनचा मेसेज आला. सोबत मोहरलेल्या झाडाचा फोटो. 'आई कशी आहे, मेट? सावकाश ये. पाणी मी घालतोय.'

सोफ्यावर बसलेली ठणठणीत आई फोनमध्ये डोकावली. "किती छान रे! कोणाचं झाड?"

"शेजाऱ्याचं," यतिन म्हणाला.