प्रशिक्षकाची वकिली

संघ पुन्हा हरला आणि नवऱ्याचे मित्र बाहेरच्या खोलीत प्रशिक्षकावर तुटून पडले. आत बाळाला थोपटत ती ऐकत होती.

"हाकला त्याला. उद्याच्या उद्या."

"अरे, थोडा वेळ तरी द्या," नवरा म्हणाला.

"तू कशाला त्याची वकिली करतोस? मेहुणा लागतो का तुझा?"

"तसं नाही रे. पण काढलं तर घरी काय सांगेल बिचारा?"

"सांगायचं काय त्यात? बायको टीव्हीवर बघेलच की."

सगळे खो खो हसले. नवराही हसला.



गेल्या आठवड्यात तिनं नवऱ्याच्या ऑफिसात फोन केला, तेव्हा त्याच्या जागी आलेल्या नव्या माणसानं तो उचलला होता. आणि तरीही रोज सकाळी ती ऑफिसला निघालेल्या नवऱ्याच्या हातात डबा देत होती.