उजवीकडे ओढणारी गाडी

गाडी पुन्हा उजवीकडे ओढली गेली आणि केराबाईंनी मांडीवरचं बाळ छातीशी घट्ट धरलं. समोरून ट्रक हॉर्न वाजवत अंगावर येत होता. नंदीशने स्टिअरिंगला हिसडा दिला, तशी गाडीची मागची बाजू झुलली. ट्रक कसाबसा निसटून गेला.

"जावईबापू, थांबा की जरा. चाकात हवा हाय का बघा," केराबाई म्हणाल्या.

"मामी, गाडी मी चालवतोय. तुमी बाळ सांभाळा. दिवस मावळायच्या आत करमाळा गाठायचंय."

त्याच्या शेजारी बसलेली पूनम खिडकीबाहेर बघत राहिली. बाळंतपणाला माहेरी आल्यापासून लेक अशीच होती. सासरचं विचारलं की म्हणायची, "बरं हाय की." लेकीनं बरं हाय म्हटलं की आईनं ते खरं धरायचं, ही जगरहाटी. पण नवऱ्याचा फोन वाजला की पूनम दचकते, हे केराबाईंनी पाहिलं होतं. लेकीला इतक्यात परत धाडायला त्यांचं मन धजत नव्हतं.

लेकीला सासरी पोचवायला होटगीहून निघताना सारं रीतीप्रमाणे झालं होतं. बाळाचा पहिलाच प्रवास, म्हणून चाकांखाली लिंबं ठेवायची होती. नंदीश आत चहा पीत होता. पुढची लिंबं पूनमने ठेवली, मागची केराबाईंनी. एक ओली बाळंतीण, दुसरी गुडघेदुखीची म्हातारी. दोघींनाही उठायला अंमळ वेळच लागला. नंदीश बाहेर आला आणि इकडेतिकडे न बघता त्याने गाडी काढली.

आता रबर जळल्याचा वास यायला लागला. रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या. नंदीशने ब्रेक दाबला तर गाडी सरळ थांबेना, तिरपी घसरत कडेच्या खड्ड्यापर्यंत गेली. बाळ किंचाळून रडू लागलं.

'बिरोबा, काय शिक्षा द्यायची ती मला दे, लेकराला नको,' केराबाई मनातल्या मनात म्हणाल्या.

मग मात्र नंदीशची घमेंड उतरली. जीव मुठीत धरून, रांगत रांगत त्याने गाडी सात रस्ता चौकाजवळच्या इसूफच्या टायर दुकानापर्यंत आणली.

इसूफने चारी चाकं तपासली. "पंक्चर नाही साहेब. पुढचं उजवं आणि मागचं डावं, दोन्हीतली हवा कुणीतरी सोडलीय. गाडी जरा जोरात असती तर उलटलीच असती."

नंदीशचा चेहरा लाल झाला. "कुणाचं काम हाय हे?"

"गल्लीतली पोरं असतील. लई वांड हायती," केराबाई घाईनं म्हणाल्या.

नंदीश पोरांना शिव्या घालत हवा भरून घ्यायला वळला. केराबाईंनी लेकीकडे पाहिलं. पूनमची नजर पुढच्या उजव्या चाकावर खिळली होती.

केराबाईंनी हवा सोडली होती ती फक्त मागच्या चाकाची.